कॉपीत नसलेली ओळ

मुद्रितशोधक मधुकर इंगळे यांचं तोंड सतत हलत असे. जबडा किंचित डावीकडे जायचा, परत यायचा. ओठ मिटून पुढे यायचे, जिभेचं टोक बाहेर डोकावून आत जायचं. अकोल्यातल्या आमच्या दैनिकाच्या कचेरीत नवा आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात दोनपैकी एक समज करून घ्यायचा. इंगळे तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात, हा पहिला. प्रूफ वाचताना ते मनातल्या मनात शब्द म्हणतात, हा दुसरा. दुसरा समज त्यांना सोयीचा होता. मुद्रितशोधकाचं तोंड हललं तर कोणी वळून बघत नाही.

पहिला समज झालेले खर्र्याची पुडी पुढे करायचे. इंगळे हात जोडायचे.

"मी रिकामंच चावून राहिलो, बाप्पा. तुमचं तुमच्याजवळ राहू द्या."

खरं कारण त्यांनी लपवलं नाही आणि कोणी विचारल्याशिवाय सांगितलंही नाही. ऐन विशीत, तेल्हाऱ्याला असताना, कोणीतरी शेजारी बसून वाचतंय असा आवाज त्यांना येऊ लागला. मावशीने बाळापूरला नेऊन दंडाला धागा बांधून आणला. वडिलांनी तो तोडला आणि मुलाला एसटीत बसवून अकोल्याच्या मनोविकारतज्ज्ञाकडे आणलं. गोळ्या सुरू झाल्या, वाचणारा गप्प झाला. त्या गोळ्या पुढे कधी थांबल्या नाहीत. जुन्या पद्धतीच्या होत्या. बऱ्याच वर्षांनी त्या गोळ्यांनीच तोंडाची ही हालचाल मागे लावली. डॉक्टरांकडे तिला लांबलचक नाव आहे. इंगळे म्हणायचे, "गोळीनं डोकं देलं अन् तोंड घेतलं. सौदा वाईट नाई."

ज्याला वाचणारा ऐकू यायचा, त्याने नोकरी अशी धरली की जिथे शेजारी खरोखरच एक वाचणारा बसत असे. तेव्हा प्रूफ दोघं मिळून तपासत. एकजण मूळ कॉपी मोठ्याने वाचायचा, दुसरा प्रूफवर नजर ठेवायचा. इंगळ्यांच्या डाव्या हाताला शेगोकार नावाचे वयस्कर गृहस्थ बसत. ते स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, पूर्णविराम, सगळं म्हणून दाखवायचे. पुढे संगणक आले, शेगोकार निवृत्त झाले, वाचणाऱ्याचं पद बंद झालं. खुर्ची मात्र तिथेच राहिली. कोणी ती ओढून नेली की इंगळे काही न बोलता उठायचे, परत आणून डावीकडे ठेवायचे आणि कामाला लागायचे.

एकदा दुपारी जेवणाचे डबे उघडले असताना मी त्यांना विचारलं, की शेगोकारांच्या वाचण्यात आणि त्या दुसऱ्या वाचण्यात फरक काय होता. त्यांनी घास चावून संपवला. तोंड त्यानंतरही हलत राहिलं.

"शेगोकार पूर्णविराम म्हनत होते," ते म्हणाले. "थो कधीच म्हनत नाई."

मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

त्यांच्याकडे दिवसपाळीची पानं असत. पुरवणी, जाहिराती आणि निधनवार्ता. लेखणीत ते एक वेलांटी इकडची तिकडे होऊ देत नसत, बोलणं मात्र तेल्हाऱ्याचं ठेवलं होतं. पट्टी एकेका ओळीखाली सरकवत वाचायचे. टंकलेखनात एखादी ओळ जास्तीची आली, म्हणजे मूळ कॉपीत नाही आणि प्रूफवर आहे, तर ते आधी मान एकदाच डावीकडून उजवीकडे हलवायचे, नंतर ती ओळ तांबड्या शाईने कापायचे. कुठल्याही वादात त्यांचं म्हणणं दोन शब्दांत संपायचं. "मूळ पाहा." त्यांची दुरुस्ती चुकली आहे, असं त्या कचेरीत कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे ती कोणी तपासतही नसे.

कचेरीबाहेर त्यांची एक वेगळी ओळख होती. वस्तीतल्या विहारात ते वंदना सांगत. त्रिशरण, पंचशील, एकेक ओळ ते आधी म्हणायचे आणि समोर बसलेली माणसं मागून म्हणायची. आवाज भरदार होता. पाली उच्चार स्वच्छ होते. तोंडाची हालचाल वाढली तशी अक्षरं अडकू लागली. पुढे बसलेली लहान मुलं हसली. मोठ्यांनी त्यांना दटावलं, आणि ते दटावणंच इंगळ्यांना जास्त लागलं असावं. विहाराच्या समितीने त्यांना काहीही सांगितलं नाही. एका पौर्णिमेला ते आपणहून मागच्या रांगेत जाऊन बसले.

पत्नी आधीच गेलेली. एकच मुलगी, सुजाता, अमरावतीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. अकोल्याचे जुने डॉक्टर थकले तेव्हा तिने वडिलांना अमरावतीच्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्या डॉक्टरांनी गोळी चालू ठेवली आणि सोबत व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल लिहून दिल्या.

सोमवारी इंगळे कॅप्सूलची पट्टी कचेरीत घेऊन आले. एक कॅप्सूल काढून त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरली. आत पिवळसर तेल होतं आणि तेलात हवेचा एक बुडबुडा. ती कलती केली की बुडबुडा हळू वर सरकायचा.

"हे काय करते, भाऊ?" पानं लावणाऱ्या वैशालीने विचारलं. ही दर्यापूरकडची मुलगी, इंगळ्यांच्या टेबलासमोर तिचा संगणक.

"डॉक्टर म्हनते, जे झालं ते परत फिरंलच असं नाई. वाढायचं थांबंल, कदाचित. गॅरंटी नाई."

डॉक्टरांचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात कोणीतरी पुन्हा तेच विचारलं तेव्हा त्यातला 'कदाचित' गळला होता. आणखी काही दिवसांनी 'परत फिरंल' एवढंच उरलं. एका शब्दासाठी पान थांबवणारा हा माणूस. ते गळलेले शब्द तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाहीत.

त्यानंतर वस्तीतल्या औषधाच्या दुकानदाराने त्यांना बी-सिक्सच्या गोळ्या सुचवल्या. या गोळ्यांनीही अशी हालचाल कमी होते, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. काही रुग्णांना त्यांचा उपयोग झाल्याचं सांगितलंही जातं. पण त्या किती घ्यायच्या आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी पाहायचं असतं. इंगळ्यांनी डॉक्टरांना विचारलं नाही. दुकानदारालाही विचारलं नाही. जीवनसत्त्वच आहे, ते जास्त झाल्याने काय होणार, असा त्यांचा हिशेब होता.

सुजाताचं लग्न ठरलं ते या सुमाराला. मुलगा अमरावतीचाच, बँकेत. साखरपुड्याला आमच्या कचेरीतले तिघं-चौघं गेलो होतो. जेवणं झाल्यावर मुलाचे काका नव्या व्याह्यांकडे बघत मोठ्या आवाजात म्हणाले, "इवाईबुवा मघापासून काय चघळून राहिले? आमालेबी द्या ना थोडं!"

माणसं हसली. त्यात वाईट हेतू नव्हता. इंगळेही हसले. "संपलं वाटते," ते म्हणाले आणि त्यांनी हातरुमाल तोंडावर धरला. निघेपर्यंत तो त्यांनी खाली घेतला नाही. परतीच्या गाडीत बडनेरा मागे पडल्यावर खिडकीकडे बघत त्यांनी एकच वाक्य उच्चारलं.

"पोरीच्या लग्नात वंदना मीच सांगन."

यानंतर जे घडत गेलं ते आम्हाला सुटं सुटं दिसलं. एकत्र कोणी जोडलं नाही.

एका सकाळी ते एकाच पायात चप्पल घालून कचेरीत आले. दुसरा पाय उघडा, टाचेला मुरूम चिकटलेला. वैशालीने दाखवून दिलं तेव्हा ते खाली बघत राहिले. चप्पल कधी निघाली हे त्यांना कळलंच नव्हतं. जिन्याखालच्या चहावाल्याकडे ती सापडली. सगळे हसले. पायांना मुंग्या येतात, जमीन कापसासारखी लागते, असं ते नंतर म्हणाले.

तोंडाची हालचाल कमी होण्याऐवजी वाढली. आता मानही ओढली जाऊ लागली. इंगळे उलट समाधानी दिसले. "निघून राहिलं," ते म्हणाले. "जाता जाता जोर करते."

आणि वाचताना ते डावीकडे बघू लागले. पूर्वी पट्टी सरकायची आणि नजर तिच्यासोबत जायची. आता ओळ संपली की ते रिकाम्या खुर्चीकडे वळायचे, थोडं थांबायचे, मग पुढच्या ओळीवर यायचे. शेगोकारांच्या काळात ते असंच वळायचे, म्हणून जुन्या माणसांना त्यात वावगं वाटलं नाही.

निधनवार्तांचं पान दुपारी त्यांच्याकडून तपासून सुटायचं. त्या दिवशीही सुटलं. शेवटच्या वार्तेखाली समासात 'ओळ सुटली' अशी खूण होती आणि त्यांच्या वळणदार अक्षरात तीन ओळी लिहिलेल्या होत्या. वैशालीने नेहमीप्रमाणे त्या टंकल्या, पानात बसवल्या. बसवून झाल्यावर तिने त्या वाचल्या. मग ती उठली आणि तोंडाला ओढणी लावून इंगळ्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "काहून सांगतलं नाई आमाले?"

"काय?"

"सुजाताताईचं."

माणसं कामं टाकून जमा झाली. कोणीतरी पान मोठं करून पडद्यावर आणलं. सुजाता मधुकर इंगळे, मूळ तेल्हारा, यांचे निधन. पश्चात वडील. अंत्ययात्रा अमरावतीहून. शेवटी पूर्णविराम नव्हता.

इंगळे शांत बसले होते. तोंड चालू होतं. आमच्यातल्या एका ज्येष्ठाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, बातमी कोणी दिली?

"थ्यानं वाचली," इंगळे म्हणाले आणि डावीकडे बोट दाखवलं. "वाचली तशी लिहिली. ओळ सुटली होती."

क्रीडा पानाच्या सहकाऱ्याने इंगळ्यांच्या फोनवरून सुजाताचा नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. घंटी बराच वेळ वाजली. मागे मुलांचा कलकलाट ऐकू आला, आणि मग तिचा आवाज.

"हां, बाबा. शाळेत हाय मी. काय झालं? जेवले का?"

वैशाली खाली बसली. इंगळे फोनकडे वाकले, कान देऊन ऐकत राहिले. मग मान वर केली.

"आवाज तिचाच हाय," ते म्हणाले. "पण ओळ होती."

पान बदललं गेलं. त्या तीन ओळी छापल्या गेल्या नाहीत.

संध्याकाळच्या गाडीने सुजाता अकोल्याला, थेट कचेरीत आली. तिने वडिलांची पिशवी टेबलावर उपडी केली. सोनेरी कॅप्सूलच्या पट्ट्या रिकाम्या होत्या, बी-सिक्सच्या त्याहून जास्त रिकाम्या. रोजच्या गोळीच्या पट्ट्या भरलेल्या, एकावर एक, रबर लावून ठेवलेल्या.

"काहून बंद केली, बाबा?"

"तुह्या लग्नात वंदना सांगायची होती."

"कोनी म्हनलं होतं तुमाले?"

"मीच." त्यांनी रोजच्या गोळीची पट्टी हातात घेतली. "चूक गोळीची हाय ना? चूक काढली, दुरुस्ती ठेवली. डबल ठेवली. पान साफ व्हायले पायजे होतं."

इतकी वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. चूक शोधायची, कापायची, समासात दुरुस्ती लिहायची. दुसऱ्या कोणत्याही धंद्यातल्या माणसाने असा विचार केला असता का, सांगता येत नाही.

सुजाताने आवाज चढवला नाही. शाळेत फळ्यावर समजावून सांगतात तसं ती म्हणाली, "गोळी चूक नाई, बाबा. गोळी मूळ हाय. तुमी मूळच फाडून टाकलं अन् दुरुस्ती जपून ठेवली."

इंगळे तिच्याकडे बघत राहिले. मग रिकाम्या खुर्चीकडे. मग पुन्हा तिच्याकडे. कोणाचं ऐकायचं, हे ठरवायला त्यांना बराच वेळ लागला. शेवटी ते उठले, चपला नीट बघून पायात घातल्या आणि तिच्यामागून जिना उतरले. एकेक पायरी ते डोळ्यांनी तपासत होते. तळव्यांवर त्यांचा भरवसा राहिला नव्हता.

पुढचे काही आठवडे ते अमरावतीत होते. डॉक्टरांनी बी-सिक्स पूर्ण थांबवली. पायांचं बधिरपण त्या गोळ्यांच्या अतिरेकाने आलं होतं. ते हळूहळू उतरलं, पण टाचांत थोडं राहिलं. जुन्या गोळीच्या जागी नवी दिली. हालचालीसाठी म्हणून आणखी एक औषध देऊन पाहिलं, त्याने ते फार खिन्न होऊ लागले, म्हणून तेही थांबवलं. व्हिटॅमिन ई चालू ठेवलं. त्याने तोंड थांबलं नाही. पुढे वाढलं नाही एवढं खरं, आणि ते कशामुळे, हे डॉक्टरांनीही ठामपणे सांगितलं नाही.

इंगळे कामावर परतले तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट वैशालीला सांगितली. "आता माहं बी मूळ पाहत जा, माय. विश्वासावर नोको घेऊ." ती तपासू लागली. त्यांच्या दुरुस्त्यांत पुन्हा चूक सापडली नाही. रोज सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, अमरावतीहून व्हिडिओ कॉल यायचा. ते समोर गोळी घ्यायचे, कॅप्सूल घ्यायचे, पाणी प्यायचे.

"तोंड उघडा," फोनमधून आवाज यायचा.

ते आ करायचे. जीभ वर, जीभ खाली.

"जीभ स्थिर ठेवा ना, बाबा, दिसत नाई!"

"थे माह्या हातात असतं तर तू कॉल कायले केला असता?"

दोघंही हसायचे. आम्ही पानं लावत असायचो.

लग्न अमरावतीला होतं, एका मंगल कार्यालयात. मी दुपारी पोचलो. सुजाता पांढऱ्या साडीत, मंचावर. समोर बुद्धमूर्ती, फुलं, मेणबत्त्या. वंदना सांगायला एक तरुण शिक्षक आला होता. इंगळ्यांनी सांगावी असं सुजाता आदल्या दिवसापर्यंत म्हणत होती. "अक्षर तुटते," ते तिला म्हणाले होते. "तुटक वंदना नाई सांगत कोनाले. मी मागून म्हनतो."

ते पहिल्या रांगेत कडेला बसले होते. पांढरा सदरा, इस्त्रीचा. हातरुमाल खिशातच होता. हॉल भरला होता, माणसं भिंतीला टेकून उभी होती, आणि त्यांच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी होती. मी तिथपर्यंत गेलो आणि थांबलो. नव्या गोळीवर त्यांना बरेच महिने झाले होते.

त्यांनी माझं थांबणं पाहिलं.

"बसा ना," ते म्हणाले. "थो उभा हाय."

मी बसलो.

मंचावरून सुजाताने वडिलांकडे पाहिलं आणि स्वतःचं तोंड किंचित उघडलं. नवरामुलगा बावचळून तिच्याकडे बघू लागला. इंगळ्यांनी खालून आ केला. जीभ वर, जीभ खाली. तिने मान डोलावली आणि हात जोडून पुढे पाहिलं.

वंदना सुरू झाली. तरुण शिक्षक एक ओळ म्हणायचा, सारा हॉल मागून म्हणायचा. शेकडो ओठ हलत होते. इंगळ्यांचे त्यात वेगळे दिसत नव्हते. मी अगदी लागून बसलो होतो, म्हणून त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. हलका, तुटक, पण प्रत्येक शब्द जागेवर. पलीकडच्या रांगेतून मुलाचे काका त्यांच्याकडे बघत होते. आज ते हसत नव्हते, त्यांचंही तोंड वंदना म्हणत होतं.

शेवटी तीनदा 'साधू' झालं. हॉल शांत झाला. सगळ्यांचे ओठ मिटले. इंगळ्यांचे हलत राहिले. आता त्यांतून आवाज येत नव्हता.

मग त्यांनी डावीकडे पाहिलं. नजर माझ्यावर नव्हती, माझ्या डोक्याच्या वर होती, उभ्या माणसाचा चेहरा येईल त्या उंचीवर. ते तिथे क्षणभर थांबले, ओळ ऐकायला थांबायचे तसे. मंचावर सुजाताने हार हातात घेतला होता.

इंगळ्यांनी मान हलवली. एकदाच, डावीकडून उजवीकडे, जास्तीची ओळ कापण्याआधी हलवायचे तशी. आणि पुढे बघू लागले.